सातवा ठोका

ही गोष्ट खरी आहे, असं सगळेच म्हणतात. मी एवढंच सांगते, की जिच्या घरात हे घडलं ती माझी सख्खी मावशी आहे, आणि मावशी कधी काही वाढवून सांगत नाही. घरात कुणाला ताप आला तर ती "शंभरच्या आसपास" म्हणत नाही. "नव्याण्णव पॉइंट सहा" म्हणते. शाळेत विज्ञान शिकवते. तेवीस वर्षं झाली.

आणि यात रात्र नाही. वीज गेलेली नव्हती, पाऊस नव्हता, कुत्री रडत नव्हती.

जे झालं ते लख्ख दुपारी झालं. तीन वाजून वीस मिनिटांनी.

रोज.

मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, एका ट्रान्सपोर्ट कंपनीच्या फाटकावर तपासनीस होते. माल भरलेला ट्रक बाहेर पडण्याआधी एक कागद भरावा लागतो. ब्रेक, दिवे, दोरखंड, टायर. प्रत्येकापुढे बरोबरची खूण, खाली ड्रायव्हरची सही, काकांची सही. मग फाटक उघडतं. वीस वर्षं काकांनी हेच काम केलं. कंपनीनं राहायला घर दिलेलं होतं, ट्रक उभे राहायच्या मोकळ्या जागेच्या मागं. एकमजली, चारी बाजूंनी मोकळं. घर आणि कंपनीची उंच भिंत यांच्यामध्ये एक कोरडी गटार. गटारीत बाद झालेले टायर, तारा आणि कमरेएवढं गवत.

त्या आठवड्यात सफाईवाल्यांनी ते गवत कापलं.

गुरुवारी दुपारी मावशी शाळेतून आली. दुसऱ्या दिवशी आठवीला "ध्वनी" हा धडा घ्यायचा होता. पत्रा, काच, पोकळ नळी, भरीव नळी, सगळं एकाच काठीनं वाजवून मुलांना फरक ऐकवायचा, असं तिनं ठरवलं होतं. काठी शोधत ती गटारीपाशी गेली.

दोन टायरांच्या मध्ये ते अडकलेलं होतं.

हातभर लांब, जड लाकूड. एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला निमुळतं. निमुळत्या टोकाला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. मावशीनं ते बाहेर ओढलं आणि आधी वजन बघितलं, मग वास घेतला. माती, गवत, आणि त्याखाली...

तापलेलं रबर.

आठ महिने बिनपावसाच्या गटारीत पडलेल्या लाकडाला तापलेल्या रबराचा वास का यावा, हे तिला त्या क्षणी सुचलं नाही. आठ महिने हेही तिला तेव्हा माहीत नव्हतं.

तिनं घरी आणून ते पुसलं आणि खिडकीपाशी धरून बघितलं. हत्यार असेल तर त्यावर ओबडधोबड खाचा हव्यात. इथं खाचा नव्हत्या. जाड टोकाची एकच बाजू गुळगुळीत, किंचित चपटी झालेली, आणि काळपट. म्हणजे हे हजारो वेळा कशावर तरी मारलेलं होतं, पण त्या कशानं लाकडाला इजा केली नव्हती. मऊ, उसळी देणारं काहीतरी. कापसाच्या बोळ्यावर रॉकेल घेऊन तिनं काळा डाग घासला. बोळा काळा झाला.

रबर. पण रबराला कोण बडवतं?

संध्याकाळी काका आले, चपला काढल्या, आणि कोपऱ्यात उभं केलेलं लाकूड त्यांना दिसलं.

"हे कुठनं आणलंस?"

"गटारीतनं. कशाचं आहे हो?"

"मला काय माहीत?" काका म्हणाले. "कपडे बडवायचं असेल कुणाचं तरी. टाकून दे."

"कपड्यांवर रबर कुठनं येईल?"

"तुझी परीक्षा सुरू झाली का इथंही? म्हटलं ना, टाकून दे."

काका हात धुवायला गेले. मावशीनं नळाचा आवाज ऐकला. त्यांनी हात धुतले, नळ बंद केला. मग परत नळ सोडला आणि परत हात धुतले.

जेवताना ते एका शब्दानं बोलले नाहीत. एरवी फाटकावरच्या गमती सांगून डोकं उठवणारा माणूस.

मावशीनं लाकूड टाकलं नाही. झोपायच्या खोलीतल्या कपाटाशेजारी ठेवलं.

शुक्रवारी धडा झाला. मावशी दीड वाजता घरी आली, जेवली, वह्या तपासायला बसली. बाहेर चिमण्या कलकलत होत्या. भिंतीपलीकडे कुणीतरी ट्रक मागं घेत होतं.

मग चिमण्या थांबल्या.

ट्रकही थांबला असावा. सगळंच थांबलं. मावशी म्हणते, कानात बोटं घातल्यावर होतं तसं...

टण्.

दाराच्या डाव्या अंगाला. बाहेरून.

मावशीनं मान वर केली. मग स्वयंपाकघराच्या भिंतीवर...

टण्. टण्. टण्. टण्.

सावकाश. कुणीतरी घाईत नसलेलं. एक ठोका, थोडं थांबायचं, जणू ऐकायचं. मग दुसरा.

मग बराच वेळ काही नाही. घराच्या मागून एखादा माणूस वळसा घालून जाईल, तेवढा वेळ.

मग झोपायच्या खोलीच्या बाजूनं...

टण्.

बद्द.

टण्. टण्.

आणि दाराच्या उजव्या अंगाला शेवटचा, टण्.

चिमण्या परत सुरू झाल्या. मावशीनं घड्याळ बघितलं. तीन बावीस. ती बाहेर आली, घराला एक फेरी मारली. कुणी नाही. मागच्या सांडपाण्यानं ओल्या झालेल्या मातीत फक्त तिच्याच सकाळच्या चपलांचे ठसे.

मुलं असतील, असं तिनं ठरवलं. शनिवारी परत तेच झालं तेव्हा तिनं वही काढली.

रविवारी ती तयारीनं बसली. एक, चार, मध्ये थांबा, चार, एक. एकूण दहा. सातवा बद्द. तिन्ही दिवस सारखं. मग तिच्या एक गोष्ट लक्षात आली आणि तिनं पेन खाली ठेवलं.

चारातला पहिला ठोका भिंतीच्या बाहेरून यायचा.

दुसरा... आतून.

तिसरा बाहेरून. चौथा आतून.

ती स्वयंपाकघरातच बसली होती. आतला ठोका तिच्यापासून चार फुटांवर पडला होता. भिंतीवरचं कॅलेंडर हललं होतं.

आणि तो सातवा, बद्द वाजणारा, झोपायच्या खोलीत आतल्या बाजूला पडायचा. तिनं जाऊन बघितलं. जागा नेमकी काकांच्या उशीच्या वर.

लाकूड कपाटाशेजारीच होतं. हलवलेलं नव्हतं. तिनं जाड टोकाला हात लावला.

कोमट होतं.

संध्याकाळी ती काकांना काही बोलली नाही. संशय एकदा आला की आधी पुरावा, मग बोलणं, असा तिचा स्वभाव. सोमवारी शाळेतून येताना ती कंपनीपासून दूरच्या नाक्यावर उतरली. तिथं एक पंक्चरवाला बसतो. म्हातारा, एका डोळ्यानं अधू, तोंड मात्र दणकट.

"या वहिनी. गाडी कुठाय? का गाडीविनाच पंक्चर झालात?"

मावशीनं वर्तमानपत्रात गुंडाळलेलं लाकूड काढलं. "हे काय आहे, सांगाल का?"

म्हाताऱ्यानं ते हातात घेतलं. काही न बोलता उठला, शेजारी उभ्या असलेल्या ट्रकच्या चाकावर मारलं. टण्.

मावशीनं पटकन चाकाकडे बघितलं. तोच आवाज.

"टायर वाजवायचं लाकूड हे," तो म्हणाला. "आता सगळे लोखंडी पहार मारतात, नाहीतर लाथ. पण लाकडाचा आवाज खरा. हवा भरपूर असेल तर असा टणटणीत. कमी असेल तर बद्द. मागं बघा, चाकं जोडीनं असतात. एक बाहेर, एक आत. आतल्याची हवा गेली तरी बाहेरचं उचलून धरतं. बघून काय कळणार नाही, लाथ मारून तर मुळीच नाही. आतल्यापर्यंत पोचतं ते हे."

"आणि नाही कळलं तर?"

"मग घाटात कळतं." त्यानं खांदे उडवले. "बिनहवेचं चाक दुमडत दुमडत तापतं. बाहेरच्यावर दुप्पट ओझं. एक फुटलं की दुसरं. काही वेळा पेटतं."

मावशीनं वही उघडली. "दहा चाकांचा ट्रक असेल तर कसं वाजवतात? कुठून सुरुवात?"

"पुढचं डावं. मग डाव्या अंगाची मागची चार, बाहेर, आत, बाहेर, आत. मग मागनं वळसा. मग उजवी चार. मग पुढचं उजवं."

एक. चार. थांबा. चार. एक.

"आणि अकरावी स्टेपनी," म्हातारा म्हणाला. "जादा चाक हो. ते कुणी वाजवत नाही, खाली लटकलेलं कुणाच्या ध्यानात राहतंय. एक डॉक्टर तेवढा वाजवायचा."

"कोण डॉक्टर?"

"आमचा एक ड्रायव्हर. पोरं डॉक्टर म्हणायची. टायरला कान लावायचा आणि म्हणायचा, श्वास घ्या. काय हसायचो आम्ही." हसता हसता त्याचा हात लाकडाच्या मुठीवर गेला आणि तिथंच थांबला. त्यानं ट्यूबच्या पट्टीवर बोटं बसवून बघितली. बसेनात. लाकूड डाव्या हातात घेतलं. बोटं झिजलेल्या खळग्यांत अलगद बसली.

"वहिनी," तो म्हणाला, आणि आता आवाजात थट्टा नव्हती. "हे कुठं मिळालं तुम्हाला?"

"का?"

"डॉक्टर डावखुरा होता. हे त्याचंच. घाटात गेला ना तो, आठ महिने झाले. आतलं चाक. चौकशीत हे लाकूड लई शोधलं. ट्रकात नाही, दरीत नाही. मग ठरलं, की त्या दिवशी त्यानं आणलंच नव्हतं, टायर वाजवलेच नाहीत. स्वतःच्या हलगर्जीनं मेला."

"असं कोण म्हणालं?"

म्हातारा आपल्या धड असलेल्या डोळ्यानं तिच्याकडे बघत राहिला.

"तुमच्या घरातच विचारा की."

मावशीला अपघात माहीत होता. सगळ्यांनाच माहीत होता. आणि डॉक्टरची बायको तर तिला रोज भेटत होती. शाळेच्या प्रयोगशाळेत ती मदतनीस आहे. काचेची भांडी धुते, पुसते, लावते, म्हणून मुलं तिला काचताई म्हणतात. सहा वर्षांत एक परीक्षानळी फोडली नाही.

मंगळवारी मावशी लाकूड पिशवीत घालूनच शाळेत गेली. सांगायचं म्हणून. मधल्या सुट्टीत दोघी समोरासमोर बसल्या होत्या. पिशवी मावशीच्या पायाशी.

"बाई, आज तुमचं लक्ष नाही," काचताई म्हणाली. "चहात मीठ घातलं असतं तरी प्यायला असतात."

"झोप नाही झाली." मावशी थोडं थांबली. "तुमच्या यजमानांचं... काही सामान परत मिळालं होतं का?"

काचताईनं हातातली काच उजेडात धरली. "एक बूट. आणि चष्म्याचं घर, आत चष्मा नव्हता." तिनं काचेवर फुंकर मारली. "लाकूड घरी विसरला असेल, चौकशीवाले म्हणाले. मी घर उलथंपालथं केलं, बाई. माळा, पलंग, पिठाचा डबासुद्धा. रोज शोधते आणि रोज वाटतं, सापडू नये. घरात सापडलं तर ते म्हणतात तेच खरं ठरेल ना. सासूबाई अजून म्हणतात, माझा मुलगा असा निष्काळजी नव्हता. शेजारचे हो हो म्हणतात आणि दुसरीकडे बघतात."

मावशीचा हात पिशवीपर्यंत गेला.

आणि परत वर आला.

काकांना निवृत्त व्हायला चौदा महिने राहिले होते. घर कंपनीचं. आणि आधी काकांशी बोलायला हवं, तेच योग्य, असं तिनं स्वतःला सांगितलं.

त्या संध्याकाळी तिनं लाकूड काकांच्या समोर ठेवलं. "डॉक्टरचं आहे."

"कोण म्हणतं?"

"मूठ म्हणते. चौकशीत तुम्ही सांगितलंत, त्याच्याकडे लाकूड नव्हतं."

"नव्हतंच. मी काय खोटं बोलतोय का?"

"मग ते आपल्या मागच्या गटारीत कसं आलं?"

"मला विचारू नकोस. आधीच पडलं असेल कधीतरी." काका उठले. "गावभर फिरवत बसलीस ना ते घेऊन? कोणाकोणाला दाखवलंस?"

मावशीनं लाकूड आपल्याकडे ओढलं. तिनं फक्त विचारलं, "उद्या दुपारी घरी थांबाल?"

"कशाला?"

"मला एक आवाज ऐकवायचा आहे."

काकांचा चेहरा उतरला. कसला आवाज, हे त्यांनी विचारलं नाही.

ते थांबले. बुधवारी अर्धी रजा टाकली. सव्वातीनला मावशीनं त्यांना झोपायच्या खोलीत खुर्चीवर बसवलं, भिंतीपासून दूर, मधोमध. स्वतः दाराशी उभी राहिली. वही, पेन, घड्याळ. लाकूड पलंगावर, दोघांच्या नजरेसमोर.

"मुलांसारखं काय चालवलंयस तू," काका म्हणाले.

चिमण्या थांबल्या.

टण्.

काकांनी खुर्चीचे हात घट्ट धरले.

टण्. टण्. टण्. टण्.

मग ती शांतता. घराच्या मागून वळसा. मावशी सेकंद मोजत होती. अकरा... बारा... तेरा...

टण्. भिंतीच्या बाहेर. सहावा.

मावशी भिंतीकडे बघत होती, उशीच्या वरच्या जागेकडे. सातवा तिथं पडणार.

तिथं पडला नाही.

बद्द.

आवाज खोलीच्या मधोमध झाला. काका खुर्चीवर पुढं झुकले, कुणी पाठीवर थाप मारावी तसे. मावशीला तो ठोका स्पष्ट ऐकू आला. लाकडावर नाही, भिंतीवर नाही. बरगड्यांवर पडतो तसा.

पलंगावरचं लाकूड जागचं हललं नव्हतं.

उरलेले तीन ठोके ठरल्या जागी पडले. टण्, टण्, टण्. मग चिमण्या.

काका तसेच झुकून राहिले. मग बोलले, जमिनीकडे बघत.

"त्याला सातवा बद्द लागला. उजव्या बाजूचं आतलं. म्हणाला, उतरवून बघू. आतलं काढायचं म्हणजे आधी बाहेरचं काढा, तास मोडतो. मागं सहा गाड्या हॉर्न देत होत्या. मी टायरला लाथ मारली, म्हटलं, दगड आहे नुसता, निघ. तो परत वाजवायला वाकला. मी त्याच्या हातातनं लाकूड ओढलं आणि भिंतीपलीकडे फेकलं. म्हटलं, घ्या डॉक्टर, दवाखाना बंद. सगळे हसले. चौकशीत मात्र कुणीच काही पाहिलं नव्हतं."

मावशीनं पेनला टोपण लावलं.

"तोपण हसला," काका म्हणाले. "हसत हसत सही केली आणि गेला. कागदावर वेळ टाकली मी. तीन वीस."

"त्याच्या घरच्यांना सांगायला हवं."

"सांगतो. सोमवारी साहेबांना सगळं लिहून देतो. तोवर कुणाला बोलू नकोस. एवढं कर माझ्यासाठी."

मावशीनं होकाराची मान हलवली.

सोमवार आला. काका म्हणाले, साहेब बाहेरगावी आहेत, पुढच्या सोमवारी. मावशी रोज शाळेत जायची, काचताईच्या हातचा चहा प्यायची. लाकूड आता घरी कपाटाच्या वर होतं, साडीत गुंडाळलेलं. पुढच्या सोमवारी काका म्हणाले, जरा बरं वाटलं की जातो. त्यांना खरोखरच बरं नव्हतं. रोज दुपारी ते कुठंही असोत, फाटकावर, बाजारात, तीन वीसला पाठीवर एक ठोका बसायचा. फाटकावरच्या पोरानं एकदा विचारलं, काका, एवढं दचकता का? मावशीनं सदरा काढून बघितलं. उजव्या खांद्याच्या फऱ्याखाली, रुपयाएवढा निळसर डाग. डॉक्टरांनी, म्हणजे खऱ्या डॉक्टरांनी, छाती तपासली. पाठीवर बोटांनी ठोकून बघितलं. टण, टण, आणि एका जागी...

"इथं आवाज जरा जड येतोय," ते म्हणाले. "फोटो काढू." फोटोत काही निघालं नाही.

त्याच दिवशी, दवाखान्यातून परस्पर, काका कंपनीत गेले आणि दोन पानं लिहून दिली. घरी आले आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा पोटभर जेवले.

गुरुवारी सकाळी मावशीनं लाकूड काचताईला दिलं. प्रयोगशाळेत, दार लावून. सगळं सांगितलं. फेकलं कोणी, का, हसलं कोण.

काचताई रडली नाही. मूठ डाव्या हातात धरून बघितली, तिची बोटं लहान, खळग्यांत हरवली. मग तिनं विचारलं, "बाई, हे तुम्हाला सापडलं कधी?"

मावशीच्या वहीत तारीख होती. वार, वेळ, सगळं. त्या गुरुवारला तीन आठवडे झाले होते. तीन आठवडे ही बाई पिठाचा डबा उपसत होती.

"परवा," मावशी म्हणाली.

काचताईनं मान डोलवली. "लगेच आणून दिलंत. तुमचे उपकार आहेत."

ठोके थांबले. कंपनीनं फाटकावर नोटीस लावली, की त्या दिवशी ड्रायव्हरनं टायर तपासले होते आणि दोष सांगितला होता. पंक्चरवाल्यानं ती मोठ्यानं वाचून घेतली म्हणे, दोनदा. डॉक्टरच्या आईला शेजारणी येऊन भेटून गेल्या. काकांना कामावरून काढलं. घर सोडावं लागलं. काका म्हणाले, चला, सुटलो. पाठीवरचा डाग पंधरा दिवसांत गेला.

दोघं भाड्याच्या घरात राहायला गेले. दुसऱ्या मजल्यावर. दोन्ही बाजूंना सरळ उभ्या भिंती, ना गच्ची, ना सज्जा. मांजरसुद्धा बाहेरून फिरकणार नाही.

पहिल्याच दुपारी काका आतल्या खोलीत घोरत होते. मावशी खोके उघडत होती. रस्त्यावर भंगारवाला ओरडत होता.

मग त्याचा आवाज बंद झाला.

टण्.

दाराच्या डाव्या अंगाला. बाहेरून. दुसऱ्या मजल्यावर, हवेतून.

मावशीनं खोक्यातून वही शोधून काढली. एकेक ठोका लिहिला. टण्, टण्, टण्, टण्. थांबा. मग पुढचे. सहावा, टण्. तिनं श्वास धरला.

सातवा...

टण्.

स्वच्छ. भरलेल्या चाकासारखा. आतल्या खोलीत काका कूस बदलून परत घोरायला लागले. आठवा, नववा, दहावा. सगळे टणटणीत. मावशीनं डोळे मिटले. तो फक्त परत एकदा तपासायला आला होता. बरं वाटलं तिला. दहाव्यापुढे तिनं बरोबरची खूण केली.

पण भंगारवाल्याचा आवाज अजून आला नव्हता.

रस्ता गप्पच होता.

आणि तिच्या मागं, कुणीतरी खाली वाकताना घेतो तसा एक श्वास...

अकरावा ठोका तिच्या पाठीवर पडला.

हे तिनं मला गेल्या महिन्यात सांगितलं. वहीसुद्धा दाखवली. पानं नीट आखलेली, तारखा, वेळा, एकही खाडाखोड नाही. दहा ठोक्यांपुढे काय आवाज आला ते लिहिलेलं. शेवटच्या पानांवर रोज एक अकरावा आकडा आहे, आणि त्याच्यापुढची जागा कोरी आहे.

"तो कसा वाजतो गं, मावशी?" मी विचारलं.

तिनं वही मिटली. ती आता कुठंही बसली तरी पाठ भिंतीला लावून बसते. त्याही दिवशी तशीच बसली होती, आणि तीन वाजत आले होते.

"मग सांगून टाक ना काचताईला," मी म्हटलं. "तारीखच तर सांगायची आहे."

"सांगणारच आहे," मावशी म्हणाली. घड्याळाकडे बघितलं, आणि पाठ भिंतीला आणखी घट्ट टेकवली.

"सोमवारी."